दुसरा कान

वीज शनिवारी सकाळी सव्वानऊला गेली. जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत पुरवठा बंद, असा मेसेज आदल्या दिवशीच सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला होता. रंगनाथ गायधनी तर तीन आठवडे या घटकेची वाट बघत होता. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या चार मजली इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपासमोर, त्याने सहा माणसं आणून उभी केली होती. त्यात सेक्रेटरी योगेश होता. योगेशला पंप आणि पिंप यांतला फरक कळत असेल याची रंगनाथला खात्री नव्हती. हा पंप आवाज करतो म्हणून रंगनाथने आधी त्याचं बेअरिंग बदलायला लावलं होतं. तरी आवाज राहिला, तेव्हा पायाचे बोल्ट ढिले आहेत म्हणून ते आवळून घेतले होते. तरीही राहिला, तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीवर वहीम घेऊन गिरणीवाल्याशी भर रस्त्यात भांडण काढलं होतं. आता सगळी यंत्रं एकदम थांबतील, आवाज थांबेल, आणि वीज आल्यावर एकेक यंत्र चालू करून चोर पकडायचा, असा त्याचा बेत होता. गिरणी थांबली. लिफ्ट मधेच कुठेतरी अडकली. वरच्या मजल्यावरचा मिक्सर गप्प झाला. रंगनाथने हात वर करून सगळ्यांना उभ्या जागी थोपवलं, आणि त्याच्या उजव्या कानात तो आवाज होता तसाच चालू राहिला. ओल्या फरशीवर कुणी सावकाश, न थकता खराटा मारावा, तसा. "थांबला का, काका?" योगेशने विचारलं. रंगनाथचा हात वरच राहिला होता. "आम्हाला तर आधीपण येत नव्हता," योगेश म्हणाला, आणि मोबाइल बघत जिना चढून गेला. बाकीचे पाच जण त्याच्यामागे गेले.

लिफ्ट बंद म्हणून रंगनाथलाही जिनाच चढावा लागला. दुसऱ्या मजल्यावर आवाज वाढला, तिसऱ्यावर त्याची लय जलद झाली, आणि चौथ्यावर दाराशी उभा राहून तो धापा टाकत असताना खराटा अगदी घाईघाईने चालू होता. रंगनाथने मनगट धरलं. बोटाखालची नाडी आणि कानातला खराटा एकाच मापाने चालले होते. तो तसाच उभा राहिला, नाडी हळूहळू उतरत गेली, आणि तिच्यामागे आवाजही उतरत गेला. कानामागचं हाड अंगठ्याने दाबल्यावर आवाज निम्म्याने बसला. अंगठा काढला की पुन्हा सुरू. चाळीस वर्षं यंत्रांना कान लावून जगलेल्या माणसाला तीन आठवडे हे कळलं नव्हतं. एखाद्या शिकाऊ पोराने अशी चूक केली असती तर रंगनाथने त्याला कारखान्यातल्या सगळ्या शॉपसमोर उभं करून सोलून काढलं असतं. आवाज आला की तो बाहेरच्याच कुठल्या तरी यंत्राचा, आपल्यातला नव्हे, हे त्याने न तपासताच धरून टाकलं होतं. बिघाड नेहमी दुसऱ्याचा, अशी त्याच्या धंद्याने त्याला सवय लावली होती. बाहेरच्या खोलीत येऊन तो खुर्चीवर बसला. त्याच्या बायकोने, उज्वलाने विचारलं, "काय ठरलं पंपाचं?" "काही नाही," तो म्हणाला. "सगळे बहिरे आहेत."

बहिरे हा त्याचा लाडका शब्द होता. जगात त्याच्या मते दोनच प्रकारची माणसं होती, ऐकणारी आणि बहिरी. ऐकणाऱ्यांची गणती एका हाताच्या बोटांवर संपायची. अंबडच्या ज्या कारखान्यात त्याने उमर घालवली, तिथे मोटारींचे पत्रे दाबून काढणाऱ्या प्रेस होत्या. तिथल्या धोंडीराम नावाच्या म्हाताऱ्या फिटरने त्याला विद्या दिली होती. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक घासून गोल करायचं, ते यंत्राला लावायचं, लाकडी मूठ आपल्या कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि तोंड मिटून उभं राहायचं. शॉपमध्ये इतका गोंगाट असायचा की ओरडलेलं शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. त्यामुळे ऐकणारा आपल्या मांडीवर अंगठ्याने ठोका दाखवायचा, खोट कितव्या फेऱ्याला, कुठल्या वेळी बोलते तो. आणि धोंडीरामचा नियम असा की एका कानावर यंत्र उघडायचं नाही. पहिल्याने ऐकून पाठ फिरवायची, दुसऱ्याने काही न विचारता ऐकायचं, आणि दोघांचे अंगठे एका ठोक्याला पडले तरच पाना लावायचा. नाहीतर एका माणसाच्या भासापायी चांगलं यंत्र उघडून बसाल, आणि उघडलेलं यंत्र पहिल्यासारखं कधी बसत नाही, असं तो म्हणायचा. पुढे डब्यासारखी उपकरणं आली, ती यंत्राला चिकटवून मोबाइलवर आलेख बघणारी इंजिनिअर पोरं आली. त्या पोरांच्या कानात चोवीस तास गाण्यांची बोंडं असायची. रंगनाथ त्यांच्याकडे बघून नुसता हसायचा. आलेख बघून यंत्र ओळखणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघून संसार ओळखणं, असं तो कँटीनमध्ये मोठ्याने म्हणायचा, आणि ती पोरं हसायची, कारण तो सीनियर होता. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल मिळाली आणि घड्याळ मिळालं. स्क्रू ड्रायव्हर त्याने न विचारता पिशवीत टाकून आणला.

कानाचा पहिला डॉक्टर त्याला गंगापूर रोडवर भेटला. त्याने काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि कागद बघून म्हणाला की काका, या वयात असा कान बघितला नाही मी, एकदम फर्स्ट क्लास. रंगनाथला वाटलं की आता हा विचारेल, मग आवाज कसला? त्याने विचारलं नाही. त्याने गोळ्या लिहून दिल्या, आणि झोपताना पंखा चालू ठेवा म्हणजे लक्ष जाणार नाही, असं सांगितलं. बेअरिंग वाजतंय म्हणून शॉपमध्ये रेडिओ लावणाऱ्या माणसाला रंगनाथने काय म्हटलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरी भेटली ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी डॉक्टरीणबाई, पस्तिशीची, केस पुरुषासारखे कापलेली. ती कमी बोलायची म्हणून ती रंगनाथला जरा बरी वाटली. "ठोक्याबरोबर येतो?" तिने विचारलं. "मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. जिना चढलो की एकशे दहा," रंगनाथने सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. असा आवाज रक्त कमी असलं तरी येतो, ती म्हणाली, थायरॉईड वाढलं तरी येतो, रक्तदाबाने येतो, मानेतली धमनी चरबीने अरुंद झाली तरी येतो, मेंदूतून परतणारी शीर दबली तरी येतो, कानामागे बारीकशी गाठ असली तरी येतो. मग दीड महिना तिने एकेक कारण खोडलं. रक्त ठीक निघालं, थायरॉईड ठीक, मान ठीक. एमआरआयच्या नळकांड्यात रंगनाथ अर्धा तास पडून होता. ते यंत्र भाड्याने आणलेल्या बँडसारखं बडवत होतं, आणि त्याला एवढंच वाटत होतं की याचं माउंटिंग ढिलं आहे. तोही ठीक निघाला. "मग उरतं काय?" त्याने विचारलं. बाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक धमनी, एक शीर. त्यांच्यामध्ये बारीक जाळं असतं, त्यात रक्ताचा जोर मोडतो. कधीकधी ते जाळं सोडून धमनी सरळ शिरेत उघडते. लहान असली तर एमआरआयमध्ये दिसतही नाही. रंगनाथने कागद आपल्याकडे फिरवून घेतला. "प्रेशर लाइन थेट रिटर्नला जोडली गेली," तो म्हणाला. बाईंनी मान वर केली. "रिटर्नचा पाइप पातळ असतो," तो पुढे म्हणाला. "त्याला ते प्रेशर झेपत नाही. फुगत जातो आणि एक दिवस फुटतो." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचा फुटत नाही, काका. पण तुमचा कुठल्या प्रकारचा आहे ते आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मांडीतून तार घालून अँजिओग्राफी करावी लागेल. फार थोड्यांना त्यात अर्धांगाचा धोका असतो, तोही सांगून ठेवते. जोड सापडला तर त्याच वाटेने बंद करता येतो."

"तुम्ही आधी ऐका," रंगनाथ म्हणाला. त्यांना कळलं नाही. "माझा आवाज. तुम्हाला ऐकू येतो का बघा." बाईंनी स्टेथोस्कोप कानामागे लावला, मानेला लावला, डोळ्यावर लावला. खोलीत एसी घुमत होता, बाहेर टोकन नंबर पुकारला जात होता. "मला नाही येत," त्या म्हणाल्या. "पण त्यावर काही ठरत नाही." रंगनाथच्या दृष्टीने सगळं त्यावरच ठरत होतं. एका कानावर यंत्र उघडायचं नाही. त्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि फाइल काखेत मारून बाहेर आला. खरं सांगायचं तर तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. धोंडीरामचा नियम त्याला त्या दिवशी जितका पवित्र वाटला तितका चाळीस वर्षांत कधी वाटला नव्हता. दुसरा कान मिळाला तर उघडू, आणि मिळणार नाहीच, कारण जग बहिरं आहे, असा तो हिशेब होता. बाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, आणि दोन्ही वेळा त्याने उज्वलाला खुणेने, घरात नाहीत म्हणून सांग, असं सांगितलं.

उज्वलानेच एका दुपारी विषय काढला. तिला त्या दोन रेघांचं चित्र सापडलं होतं. "मी ऐकते ना," ती म्हणाली. रंगनाथला हसू आलं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना हिचा दोन-तीनमध्ये नेहमी घोळ. तरी त्याने स्क्रू ड्रायव्हर आणला, गोल टोक कानामागच्या हाडावर टेकवलं, मूठ तिच्या हातात दिली, आणि कुठे धरायची ते दाखवलं. तिने डोळे मिटले. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट पोटाशी धरलं. क्षणभर रंगनाथला तिची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची आली. "येतो," ती म्हणाली. "अहो, खरंच येतो. स्पष्ट येतो." "ठोका दाखव," तो म्हणाला. "मांडीवर. अंगठ्याने." तिचा अंगठा पडू लागला. तो सावकाश, समजूतदार, देवळात टाळ वाजवावा तसा पडत होता. खराटा एकीकडे, ती एकीकडे. एका मिनिटात तिने चाळीस ठोके दिले आणि रंगनाथच्या कानात अठ्ठ्याहत्तर झाले. तिला काहीही ऐकू येत नव्हतं. नवरा एकटा पडू नये म्हणून ती हो म्हणत होती. रंगनाथने स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाला, "जा, चहा टाक." ती उठली नाही. "मग तुमच्या त्या भिकाला ऐकवा," ती म्हणाली. "दर दिवाळीला भाकरीला नागली घेऊन यायचा तो. तुम्ही घरी आलात की त्याचंच बोलायचात. माणसाला काय कान दिलाय म्हणून." "मी कधीच असं म्हटलं नाही," रंगनाथ म्हणाला. "म्हटलंत," ती शांतपणे म्हणाली. "मग एक दिवस म्हणायचं थांबलात."

भिका सुरगाण्याकडचा. ठेकेदाराचा माणूस, तेलाचा डबा घेऊन प्रेसना तेल घालत फिरणारा, रंगनाथच्याच वयाचा. धोंडीराम गेल्यानंतर शॉपमध्ये रंगनाथसारखा कान नव्हता, असं सगळे म्हणायचे आणि रंगनाथही म्हणायचा. भिकाला कुणी काही म्हणायचं नाही, कारण तेलवाल्याचा कान कोण मोजतो. पण रंगनाथने बघितलं होतं. भिका प्रेसच्या अंगावर नुसता तळवा ठेवायचा, मान कलती करायची, आणि त्याचा अंगठा मांडीवर आपोआप पडायला लागायचा. त्याला ते माहीतही नसायचं. बोलताना, बिडी ओढताना, दुसरीकडे बघतानाही यंत्र कानात असेपर्यंत तो अंगठा थांबायचा नाही. आणि तो कधी चुकायचा नाही. एकदा पावसाळ्याच्या अखेरीस भिका रंगनाथला सगळ्यांच्या समोर म्हणाला, "साहेब, मोठ्या प्रेसचा आवाज बदलला. वरचा बुश कोरडा पडतोय. मी तेल घालतो पन ते आत जात नाय." भोवती आठ-दहा माणसं होती. नव्या कंत्राटाचे साहेब होते. रंगनाथने स्क्रू ड्रायव्हर लावला. आवाज होता. ढळढळीत होता, एखाद्या बहिऱ्यालाही कळेल असा. गेले चार दिवस तो त्या प्रेसजवळून रोज जात होता आणि त्याला ते कळलं नव्हतं, आणि एका तेलवाल्याला कळलं होतं. रंगनाथने मूठ कानावरून काढली आणि म्हणाला, "काही नाही. मशीन चांगली आहे." वर हसूनही म्हणाला, "भिका, डोंगरावर तुम्ही वारा ऐकता, तो वेगळा आणि हे वेगळं." माणसं हसली. भिका त्याच्याकडे बघत राहिला. ऐकणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्याला वाचता येतो. तिसऱ्या दिवशी प्रेस जाम झाली, दांडा तडकला, आठ दिवस काम बंद. बुश उघडला तो रंगनाथनेच. तेलाची वाट लोखंडाच्या किसाने गच्च बुजली होती, भिकाने घातलेलं तेल तिच्या तोंडाशी साचून होतं. माणसं यायच्या आधी रंगनाथने ते सगळं फडक्याने पुसून काढलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, तेल घातलेलं नाही. त्याच आठवड्यात ठेकेदाराने भिकाचा गेटपास काढून घेतला. त्यानंतर दिवाळीला नागली आली नाही. रंगनाथला या गोष्टीची आठवण होत नसे असं नाही. व्हायची, आणि दर वेळी तो स्वतःला सांगायचा की असल्या माणसांना कामाची कमी नसते, द्राक्षांवर जातात, विटांवर जातात, त्यांचं काय अडतं. हे सांगताना त्याला स्वतःची किळस यायची. किळस आली की तो कुणाला तरी बहिरं म्हणायचा, आणि मग बरं वाटायचं.

चार दिवसांनी तो निघाला. वणीपर्यंत एसटीने गेला. तिथून काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावा बसून गेला, गोल टोकाचा स्क्रू ड्रायव्हर पायजम्याच्या जोडात गुंडाळून पिशवीत. घाट चढताना कानातला खराटा वाढला की काय म्हणून तो सारखा मनगट धरून बसला होता. आपण माफी मागायला चाललेलो नाही, हे त्याने स्वतःला दोनदा बजावलं. आपल्याला एक कान हवा आहे, आणि तो तिथे आहे, एवढंच. जीपवाल्याला भिकाचं नाव सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "इंजिनवाला भिका ना? आमच्या गाड्यांना पन तोच कान लावतो." रंगनाथला याचाही राग आला. पाड्यावर पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंगणात नागलीची कणसं वाळत पडली होती. भिका पाण्याचं एक इंजिन खोलून पोत्यावर बसला होता. केस पिकले होते, अंग तेवढंच काटक होतं. त्याने रंगनाथला ओळखलं, उठला नाही, हातातला पानाही खाली ठेवला नाही. "या साहेब," तो म्हणाला. त्याची बायको भागीबाई दाराशी आली, बघून आत गेली, आणि कोरा चहा घेऊन आली. चहा तिने रंगनाथच्या हातात दिला नाही, जवळच्या दगडावर ठेवला.

रंगनाथने सगळं सांगितलं. आवाज, नाडी, डॉक्टरीण, दोन रेघा, फुटणारा पाइप. सांगताना तो भिकाकडे न बघता इंजिनकडे बघत होता. "एका कानावर उघडायचं नाही, तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "दुसरा कान तुझ्याशिवाय नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे वाक्य कुणाच्या तोंडावर म्हटलं, आणि म्हणताना त्याला ते भीक मागितल्यासारखं लागलं. भिकाने हात पोत्याला पुसले. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन त्याने आधी टोक बघितलं. "हा तोच," तो म्हणाला. मग रंगनाथच्या कानामागे बोटाने चाचपून त्याने हाड शोधलं, टोक टेकवलं, मूठ आपल्या कानाला लावली, आणि मान कलती केली. कोंबड्या कणसांत शिरल्या, भागीबाईने त्यांना हाकललं, मग तीही थांबली. रंगनाथने डोळे खाली घातले होते, त्यामुळे त्याला भिकाचा चेहरा दिसत नव्हता. त्याला भिकाची मांडी दिसत होती. मळक्या धोतरावर काळा, तेलाने माखलेला अंगठा होता. तो आधी नुसता पडून होता. मग तो उचलला गेला आणि पडला. पुन्हा उचलला गेला आणि पडला. रंगनाथच्या कानात खराटा चालला होता, आणि अंगठा खराट्याच्या अगदी वर पडत होता, एकही न चुकता. रंगनाथने भीतीने श्वास रोखला, ठोका जलद झाला, अंगठाही जलद झाला. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने त्या आवाजात तो एकटा होता, आणि आता तिथे दुसरं कुणीतरी होतं.

भिकाने मूठ कानावरून काढली. स्क्रू ड्रायव्हर पुसून रंगनाथच्या हातात दिला. "काय नाय, साहेब," तो म्हणाला. "मशीन चांगली हाय."

रंगनाथ त्याच्याकडे बघत राहिला. भिकाचा चेहरा कोरा होता. त्यात राग नव्हता, हसू नव्हतं. होता तो तिरस्कार, जुना, वापरून गुळगुळीत झालेला. रंगनाथला तो चांगला ओळखीचा होता, कारण जन्मभर तो त्याने स्वतः वापरला होता. कुणी आपल्यावर वापरला की कसा लागतो हे तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. "भिका," तो म्हणाला, "त्या वेळी मला आवाज आला होता." भिकाने पाना उचलला. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "फडकं पन ठाऊक हाय. भट्टीमागच्या डब्यात टाकलं होतं तुम्ही. मीच नेऊन जाळलं." का जाळलं ते त्याने सांगितलं नाही, आणि रंगनाथला विचारायचा धीर झाला नाही. "जीप साडेतीनला जाते," भिका म्हणाला. "मग नाय." तो इंजिनकडे वळला. चहा दगडावर तसाच गार झाला होता. रंगनाथने तो उभ्यानेच पिऊन टाकला आणि कप धुऊन ठेवला.

वणीच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागायला वेळ होता. त्याने उज्वलाला फोन लावला. "आला का हो त्याला ऐकू?" तिने उचलल्या उचलल्या विचारलं. "आला," तो म्हणाला. "मग काय म्हणाला?" "काही नाही म्हणाला. मशीन चांगली आहे म्हणाला." पलीकडे तिने सुटकेचा श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. "मग झालं तर," ती म्हणाली. "सोडा आता ते तारेचं खूळ. घरी या." रंगनाथने फोन डाव्या कानाला घेतला. उजव्यात खराटा चालू होता. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, कुणालाही काहीही कळलं नसतं, आणि पाइप फुटायचा तेव्हा फुटला असता. "नाही," तो म्हणाला. "दवाखान्यात फोन कर. त्यांना सांग, अँजिओग्राफीची तारीख द्या. लवकरातली." "अहो, पण तो काही नाही म्हणाला ना?" "खोटं बोलला तो." "भिका?" उज्वलाला ते पटेना. "भिका कशाला खोटं बोलेल? साधा माणूस तो." गाडी फलाटाला लागत होती, माणसं दाराकडे धावत होती, आणि रंगनाथ तिथेच बाकड्यावर बसून राहिला.

"कारण आधी मी बोललो होतो," तो म्हणाला, आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागला.